रिकाम्या बाकावर कण्हणारं मशीन

रात्रीचा एक वाजून दहा मिनिटं झाली होती, असं थोरले काका सांगतात. लाइट गेली की पोरं त्यांच्याभोवती गोळा होतात आणि ही गोष्ट मागतात. घडली ती काकांच्या दोस्ताच्या बाबतीत, कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्याच्या.

प्लंबरला सकाळी फरशीखालचा लोखंडी पाइप शोधायचा होता, म्हणून रेडिओवाला दुकानात मशीन जुळवत बसला होता. दिवसभर वाकून कंबरेचा काटा ढिला झालेला. बायको डबा ठेवून जाताना म्हणाली होती, घरातला रिमोट सापडत नाही आणि निघाले पाइप शोधायला. मशीन साधंच. तांब्याच्या तारेचे फेरे गुंडाळून केलेली कॉइल, आणि आत दोन सूर. सूर जुळले की मशीन गप्प. कॉइलजवळ धातू आला की एक सूर ढळतो आणि मशीन कण्हायला लागतं.

सूर जुळले, त्यानं मान वर केली, तर दारात एक बाई. कडेवर वर्षाचं लेकरू. रडून रडून दोघांचेही डोळे कोरडे पडलेले. खेळण्यातला बटणासारखा सेल मिळत नव्हता आणि बाळ दूध घेत नव्हतं. घरचे म्हणत होते, गिळला असला तरी शीतून पडेल आपोआप, सकाळी बघू.

"दादा, तुमचं मशीन लावून बघा. गिळलाय का, एवढंच सांगा."

त्यानं घड्याळ काढलं, अंगठी काढली. बाळाला लाकडी बाकावर बसवलं. पोटावरून कॉइल फिरवली. गप्प. छातीवरून. गप्प. गळ्याशी नेली...

मशीन कण्हलं.

"ताई, सकाळ नाही. आत्ता. दवाखान्यात."

गाडीची किल्ली घ्यायला तो वळला. परत बघतो तर...

बाक रिकामा. रस्ता रिकामा.

तसाच दवाखान्यात गेला. कुणी आलं नव्हतं. रात्रपाळीच्या नर्सबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच खुर्चीत बसल्या.

"ते बाळ मागच्या वर्षी आणलं होतं. सकाळी. तोवर सेलनं अन्ननलिका जाळली होती. वाचलं नाही."

त्याच पुढं म्हणाल्या, आईही त्यानंतर महिनाभरच जगली.

रेडिओवाला दुकानात परतला. पाय ओढत. मशीन चालूच राहिलं होतं. बंद करायला कॉइल उचलली. बाकाच्या वर, हातभर उंचीवर, नुसत्या हवेत...

कण्हलं.

अजून कण्हतं. तेवढ्याच जागी. बाकाला खिळासुद्धा नाही.

काका इथं थांबतात. मग ते दमलेल्या आवाजात म्हणतात, "घरी जाऊन आयांना सांगा. सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी सकाळची वाट बघायची नाही. आणि त्यांना म्हणावं, शेजारच्या दारी पण सांगा."