चित्राबाहेर गेलेली वाट

शहाद्याचा गिरधर फोटोग्राफर भलताच चोखंदळ. रूपचंद पटेलांनी प्रकाशा गावाजवळच्या आपल्या शेताचा फोटो मागितला, तर हा गडी सकाळपासून बांधावर उभा, आणि फोटो काही काढेना. गाडीवाटेच्या दोन चाकोऱ्या उजवीकडे वळून नजरेला अलगद तापीवर न्यायच्या. पण नेमका वळणावर शेंदूर फासलेला एक दगड होता. काचेच्या प्लेटवरून छापलेल्या फोटोत लाल रंग काळाकुट्ट उमटतो. चित्रात डाग नको, म्हणून गिरधर तो उपटायला गेला.

पटेलांचा सालदार सुकलाल हळूच म्हणाला, "दादा, ती पितांबरबानी जागा शे. जागा रिकामी ऱ्हायनी, ते बा दुसरी शोधस."

पितांबरबा म्हणजे पटेलांचे आजे, तिथेच वारलेले. गिरधर हसला. दगड त्याने बाभळीमागे टाकला, फोटो काढला, आणि परतीची बैलगाडी गाठायच्या घाईत दगड तिथेच राहिला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी त्याने फोटो छापला. तापी होती, देवळाचं शिखर होतं. पण नजर चाकोरीतून निघायची ती वळणावरच्या रिकाम्या खड्ड्याशी अडायची. बायको वत्सलाबाईने फोटो पाहिला आणि खड्ड्यावर बोट ठेवलं.

"आठे... कोन बठेल शे?"

तिथे कोणीच नव्हतं. गिरधरने कात्रीने खड्ड्याकडची पट्टी कापून टाकली आणि उरलेलं चित्र फळीवर टेकवलं. आता चाकोऱ्या कापलेल्या कडेवरून बाहेर पडत होत्या, आणि त्यांच्यामागे नजरही. कडेपलीकडे पाळणा होता. पाळण्यात त्यांची चार महिन्यांची लेक गजरा.

त्याने चित्र खिडकीत ठेवलं, मग कोनाड्यात. कुठेही ठेवा, वाट पाळण्याशीच जायची. दुपारी गजराचं अंग फणफणलं आणि घरभर ओल्या मातीचा वास सुटला. गिरधरला सुकलालचं बोलणं आठवलं. मिळेल ती गाडी धरून तो शेतात पोचला, दगड उचलून खड्ड्यात बसवला आणि त्याच्यापुढे नाक घासलं.

दिवेलागणीला तो परतला तेव्हा वत्सलाबाई दारातच होती.

"ताप उतरी गया," ती म्हणाली.

गिरधर आत पाळण्याशी गेला. समोर जमिनीवर ती कापलेली पट्टी पडली होती. तिच्यावर दगड परत आला होता, काळाकुट्ट, होता तिथेच. त्याने सुटकेचा निःश्वास टाकला, पट्टी उचलून दिव्याजवळ धरली...

दगडाशेजारी दुसरा एक खड्डा होता, लहानसा, पाळण्याएवढा. त्यात अजून काही ठेवलेलं नव्हतं.