समजा, दुसरी आहे

तुम्हाला हसायचं तर खुशाल हसा. पण ही थाप नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलेली गोष्ट आहे.

मागच्या वर्षी. नोव्हेंबरचा दुसरा रविवार, दुपारचे चार.

मावशी गणिताची प्राध्यापिका. माझं आणि गणिताचं लहानपणापासून वाकडं, तरी तिनं सांगितलं तेवढं सांगते. एकमेकांत गुंतलेली सहा अवकल समीकरणं होती. त्यांना उकल आहे, हे तिनं सिद्ध केलं होतं. ती उकल एकच आहे, हे मात्र सहा वर्षं हुलकावणी देत होतं.

त्याची रीत ठरलेली. आधी धरून चालायचं, की त्याच ठिकाणाहून निघालेली दुसरी उकल आहे. मग दाखवायचं, की ती वेगळी नाहीच.

मावशीनं अभ्यासाच्या खोलीतल्या फळ्यावर घाईघाईत लिहिलं... 'समजा, दुसरी आहे.'

'उकल' हा शब्द राहून गेला.

तेवढ्यात बाहेर फोन वाजला. तिनं उचलला. पलीकडे कुणी बोलेना. नुसता खडू घासल्याचा आवाज...

काका पेपर वाचत बसले होते. हातात चहा.

"चहा कुणी केला?"

"तूच दिलास की आत्ता. बरी आहेस ना?"

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. शेगडी मात्र गरम होती.

आणि मग... अभ्यासाच्या खोलीची कडी आतून लागली.

"कोण आहे आत?"

"मीच." आवाज मावशीचाच. "तू निघ इथून."

मावशीनं दार ढकलून पाहिलं. ती काकांकडे वळली. सव्वीस वर्षांचा संसार. काकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"बाई, तुम्ही कोण? घरात कशा आलात?"

आत खडू चालू लागला. भराभर.

मावशीला सगळं कळलं. आत जी होती, ती सिद्धता पूर्ण करत होती. जिची आधी पूर्ण होईल, ती या घरात राहणार. मावशीनं काकांच्या हातातून पेपर ओढला, पेन घेतलं आणि ती जमिनीवर बसून कडेच्या कोऱ्या जागेत लिहायला लागली. आत खडू, बाहेर पेन. काका ओरडत होते, "निघा म्हणतो ना!"

मग खडू थांबला...

दार उघडलं. खोली रिकामी. फळ्यावर तिच्याच अक्षरात शेवटची ओळ, 'म्हणून एकच.'

"चहा गार झाला गं," काका म्हणाले. "जरा गरम करतेस?"

काकांना काही आठवत नाही. सिद्धता जाणकारांनी तपासली, बिनचूक निघाली. मावशीनं हे सगळं मला हसत हसत सांगितलं. मीही हसले.

नंतर तिच्याकडच्या रद्दीत मला तो पेपर सापडला. आठ ओळी. आठवीत अर्ध्या शब्दावर पेन थांबलेलं.

बाहेर बसून लिहिणारीची सिद्धता पूर्ण झालीच नव्हती.

परवा फोन आला. चार दिवस राहायला ये म्हणाली. मी परीक्षेचं कारण सांगितलं. माझी मावशी कुठे गेली, हे तिला कसं विचारू?