उशिराचं कारण

तळघरातल्या कपाटातून जुने ब्लॉक, म्हणजे तपासलेल्या तुकड्यांचे मेणाचे ठोकळे, काढून वर आणायचे, एवढंच त्या सोमवारचं काम होतं. त्यात भिण्यासारखं काय असणार? पॅथॉलॉजीच्या मॅडम किल्ल्यांचा जुडगा घेऊन खाली उतरल्या तेव्हा त्यांच्या डोक्यात फक्त संशोधनाचा तक्ता होता आणि शुक्रवारची मुदत होती.

लांबच्या वस्त्यांवरच्या पेशंटना कॅन्सरचं निदान कळायला उशीर का होतो, हा त्यांचा विषय. अकरा वर्षांपूर्वी दवाखान्याच्या गाडीने त्या वस्त्यांवर शिबिरं घेतली होती, गाठींचे तुकडे तपासायला आणले होते. त्यातल्या एकशे सदतीस जणांनी रिपोर्ट नेलेच नाहीत. तक्त्याच्या शेवटी एक रकाना होता, ‘उशिराचं कारण’. मॅडमनी त्यात वरपासून खालपर्यंत एकच वाक्य भरून टाकलं होतं: पेशंट परत आला नाही. शिकलेल्या माणसाला असं एखादं वाक्य सापडलं की फार बरं वाटतं.

ब्लॉकचे काप घ्यायला मेणकाका होते. शरीरातला तुकडा मेणात बसवायचा, गार झाला की त्या ठोकळ्याचे पापुद्र्यासारखे काप काढायचे, ते कोमट पाण्यावर सोडून काचेवर घ्यायचे; अडतीस वर्षं हेच केल्यामुळे त्यांना हे नाव पडलं होतं. “माझ्या हातची भाजी घरात कुणी खात नाही,” ते म्हणायचे, “पण हातचा काप मात्र मोठेमोठे डॉक्टर डोळे फाडून बघतात.”

सोमवारी दुपारी मॅडमनी मायक्रोस्कोपखाली एक्केचाळीस नंबरची स्लाइड लावली. चौतीस वर्षांची बाई, छातीत गाठ. फाइलला प्रत असलेला जुना रिपोर्ट त्यांनीच लिहिला होता, नोकरीच्या पहिल्या वर्षात. ‘रोग दुधाच्या नळीच्या आतच आहे. शस्त्रक्रियेने पूर्ण बरा होण्यासारखा.’ पण आजच्या कापात रोग नळीची भिंत फोडून बाहेर पसरला होता. आपण तेव्हा चुकलो की काय? त्यांनी घाईघाईने जुनी स्लाइड काढली. रिपोर्ट बरोबर होता, रोग आतच होता.

“काका, काप खोलवरचा घेतलात का?”

“छे हो. वरचे चार पापुद्रे काढले असतील.”

खोल गेलं की कधी कधी चित्र बदलतं, असं मॅडमनी स्वतःला समजावलं. तेवढ्यात बाहेर बाक करकरला. रिपोर्ट द्यायच्या खिडकीसमोर लाकडी बाक होता. खिडकीची वेळ दोन ते चार, आणि आता दोनच वाजले होते. मॅडमनी खिडकी वर सरकवली. बाकावर कुणीच नव्हतं. रिकाम्या बोळात स्वच्छ ऊन पडलं होतं आणि तुकडे टिकवायच्या फॉर्मलिनचा डोळे चुरचुरवणारा वास मात्र आतल्यापेक्षा बाहेर जास्त होता.

मंगळवारी दुसरा काप घेतला. रोग आता रक्तवाहिन्यांमध्ये शिरला होता.

“मॅडम, एक विचारू?” मेणकाका दारातच उभे राहिले. त्यांच्या आवाजातली थट्टा गेली होती. “बर्फावर अर्धा तास ठेवला तरी हा ब्लॉक गार होत नाही. हातात घेतला की... ताप आलेल्याचा हात धरल्यासारखं वाटतंय.”

“उन्हाळा आहे, काका.”

“बाकीच्या ब्लॉकना नाही का उन्हाळा?”

बुधवारी सकाळी मॅडमनी खिडकीचं जुनं रजिस्टर मागवलं. पेशंट येऊन रिकाम्या हाताने गेला की त्याच्या नंबरपुढे तारीख आणि एक बरोबरची खूण करायची, अशी तिथली पद्धत होती. एक्केचाळीसपुढे तीन खुणा होत्या. तीन वेगळ्या आठवड्यांच्या. रिपोर्टवरची तारीख पहिल्या खुणेच्याही आधीची होती. आणि खुणा करणारं अक्षर मॅडमचं स्वतःचं होतं.

मग सगळं आठवलं. त्या महिन्यात खिडकीवरचा कारकून रजेवर होता. नवीन डॉक्टर म्हणून मॅडमना तिथे बसवलं होतं, आणि त्या मनातून चडफडत बसल्या होत्या. शिबिरातले रिपोर्ट रोजच्या ट्रेमध्ये येत नसत. ते पत्र्याच्या पेटीत जायचे, पुढच्या शिबिराच्या गाडीने वस्तीवर पोचायला. गाडी बिघडली, शिबिरं बंद पडली, पेटी टेबलाखालीच राहिली आणि नंतर कधीतरी तळघरात गेली. ही बाई मात्र पायी निघून खिडकीशी आली होती. दोन्ही हात कठड्यावर ठेवून तिने विचारलं होतं, “बाई, रिपोर्ट आला का माझा?” मॅडमनी ट्रे चाळला होता. “नाही आला. पुढच्या आठवड्यात या.” पेटी त्यांच्या पायाला लागत होती. तिसऱ्या वेळी ती हसून म्हणाली होती, “येईन की. रस्ता पाठ झालाय आता.”

त्यानंतर रजिस्टरमध्ये तिच्यापुढे खूण नव्हती.

मॅडमना रडू फुटायला हवं होतं. पण माणूस आधी स्वतःला वाचवतो आणि मग रडतो. एक पेशंट वगळला तर संशोधनाचं काय बिघडणार होतं? खरं कारण लिहिलं तर अकरा वर्षांचं नाव मातीत जाणार होतं. त्यांनी कॉम्प्युटरवरच्या तक्त्यातली एक्केचाळिसावी ओळ निवडली आणि पुसून टाकली.

गुरुवारी तिसरा काप घेताना कोमट पाण्याला तांबूस रंग चढला. मेणकाकांनी स्लाइड तयार केली, स्वतः आधी पाहिली आणि मग मॅडमपुढे ठेवली.

“गाठ छातीतली होती ना, मॅडम?”

“हो.”

“मग यात... यकृत कुठून आलं?”

मॅडमनी डोळा लावला. खरंच यकृत होतं, आणि रोगाने ते पोखरून टाकलं होतं. जे तिच्या अंगात घडलं ते सगळं क्रमाक्रमाने या नखाएवढ्या मेणात घडत होतं, आणि पुढचा काप कशाचा असेल हे त्यांना कळून चुकलं.

त्या उठल्या. तळघरातून पत्र्याची पेटी वर आणली. पिवळा पडलेला मूळ रिपोर्ट शोधला. पुसलेली ओळ पुन्हा भरली आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं: पेशंट तीनदा आली. रिपोर्ट तयार होता. मी दिला नाही.

दोन वाजता बाक करकरला. मॅडमनी खिडकी वर केली. समोर कुणी नव्हतं.

“एक्केचाळीस नंबर,” त्यांनी हाक मारली. “तुमचा रिपोर्ट आलाय... तेव्हाच आला होता. तुम्ही आला होतात, मीच नीट बघितलं नाही. चुकले मी, बाई.”

रिपोर्ट आणि रजिस्टर त्यांनी कठड्यावर ठेवलं आणि डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांनाही फॉर्मलिन झोंबत होतं. डोळे उघडले तेव्हा कागद नव्हता. रजिस्टरच्या ‘मिळाला’ या रकान्यात एक अंगठा उठला होता. शाई नव्हती, मेण होतं, आणि ते अजून मऊ होतं.

मॅडमनी खिडकी खाली ओढली आणि मेणकाकांनी चौथा काप घेतला. मेणात कसलाच तुकडा उरला नव्हता. “सुटली हो बिचारी,” ते म्हणाले, आणि मॅडम टेबलावर डोकं ठेवून पोटभर रडल्या. बऱ्याच वेळाने डोळे पुसत त्यांनी वर पाहिलं. समोर तक्ता उघडाच होता. एक ओळ खरी, आणि तिच्या वर-खाली एकशे छत्तीस ओळींत एकच वाक्य. रजिस्टर त्यांनी फक्त एक्केचाळीससाठी उघडलं होतं.

“मॅडम...” मेणकाका ब्लॉकच्या ट्रेवर तळहात ठेवून उभे होते. “हे सगळेच तापलेत हो.”

बाहेर बाक पुन्हा करकरला. मग आणखी एकदा. मग बराच वेळ करकरत राहिला, आणि बंद खिडकीपलीकडून कुणीतरी अगदी हळू, समजुतीच्या सुरात म्हणालं,

“जरा सरकून घ्या... मागे अजून खूप जण आहेत.”