तळ्याकडची खोली

खोटं वाटलं तर वाटू द्या. माझ्याच संसारात घडलंय, मला कुणाची साक्ष नको.

१९७३ साल. संक्रांत नुकतीच झाली होती. संगमनेरच्या वरच्या अंगाला, धरणाच्या तळ्याकाठी, परदेशी पाहुण्यांसाठी मोठं हॉटेल बांधत होते. जगात देशाचं नाव व्हावं म्हणून. दुष्काळात बायका हंडे घेऊन कोसभर चालत होत्या आणि इथे इंजिन लावून हिरवळ भिजवत होते. माझे यजमान रंगनाथ तिथे ओव्हरसियर. आम्ही दोघं बाजूच्या पत्र्याच्या खोलीत राहायचो.

दिवस मावळला की हे हॉटेलातल्या तळ्याकडच्या खोलीत जाऊन बसायचे. एकटे. किल्ली यांच्याच खिशात.

एकदा मी दाराशी कान लावला...

आत बांगड्या वाजल्या.

मग हे हसले.

माझ्याशी बोलताना या माणसाला जांभया यायच्या. मला काय वाटलं असेल, ते बायकांना सांगायला नको. मी दार ढकललं.

आत हे एकटेच. खिडक्या बंद, दुसरं दार नाही.

"कोण होती?"

"अगं, एक म्हातारी. रोज दारातून डोकावायची, 'येते' म्हणायची. मी 'या' म्हणायचो. निघणाऱ्याला म्हणतोच की आपण. हल्ली आत येऊन बसते."

"मग आता कुठे गेली?"

यांनी शेजारच्या रिकाम्या फरशीकडे पाहिलं.

मी फरशीकामावरच्या आक्काबाईला गाठलं. ती याच गावची. ऐकून तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

"बनुबाई हाय ती. हितंच तिचं घर हुतं. हाटेलासाटी उठवली तिला. निगताना उंबऱ्यात 'येते' म्हनली, पन 'या' म्हनाया कुनीच न्हवतं. वाटंतच मेली. सायबांनी तिला 'या' म्हनलं व्हय? आता निगा तुमी. पन जाताना 'येतो' म्हनू नगा. 'जातो' म्हना."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सामान बांधलं. किल्ली ठेवायला हे त्या खोलीत गेले, मी मागोमाग. उंबऱ्यात मी म्हटलं, "म्हणा आता."

"'जातो' म्हणू? अभद्र काहीतरी," हे चिडले. आणि सवयीने म्हणाले, "बरं, येतो."

रिकाम्या खोलीतून आवाज आला...

"या."

संगमनेरला बिऱ्हाड केलं. त्याच उन्हाळ्यात एका संध्याकाळी हे रॉकेल आणायला गेले, ते परत आलेच नाहीत. पोलिसांनी विहिरी शोधल्या, तळं शोधलं. काही हाती लागलं नाही. तिकडे हॉटेलात पाहुणे आले, फोटो निघाले, देशाचं नाव झालं म्हणे.

मी एकदाच तिथे गेले. तळ्याकडच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं.

आत हे बोलत होते...

"भाकरी फार छान झालीय."

माझ्या भाकरीला या माणसाने असं कधी म्हटलं नव्हतं.

मी दार वाजवलं नाही. भीतीने की रागाने, मला अजून कळत नाही.