चार मीटर मागे

याखेन खोटं बोलत नाही. पंचवीस वर्षं तो लोकांना स्कीवर डोंगरात घेऊन जातोय. खोटारड्या वाटाड्याला आमच्या एंगादीनच्या खोऱ्यात कुणी दुसऱ्यांदा बोलावत नाही.

तो माझा मेहुणा. माझ्या बायकोचा, माद्लाइनाचा, धाकटा भाऊ. माद्लाइना गेल्या वर्षी कोसळत्या हिमकड्याखाली गाडली जाऊन गेली. याखेन तेव्हा सोबत होता.

ही गोष्ट या मार्चमधली. बुधवार, सकाळचे सात.

त्या दिवशी याखेन वर्षभराने पहिल्यांदा वर निघाला. सोबत माझी मुलगी लादिना आणि तिचा होणारा नवरा कुर्दीन. जूनमध्ये लग्न.

निघण्याआधी बीपर तपासायचे असतात. छातीला बांधलेलं ते यंत्र दिवसभर इशारा पाठवत राहतं. कुणी बर्फात गाडलं गेलं, की बाकीच्यांनी आपापलं यंत्र 'शोधा'वर टाकायचं आणि त्या इशाऱ्यामागे जायचं. पडद्यावर बाण दिशा दाखवतो, आकडा अंतर.

याखेन आपलं यंत्र शोधावर टाकून फाटकात उभा राहिला. कुर्दीन समोरून गेला... बीप. लादिना गेली... बीप.

दोघं दूर गेली. आकडे वाढत गेले.

एक आकडा मात्र तसाच राहिला...

चार मीटर.

याखेनने वळून पाहिलं. मागे रिकामा रस्ता.

"फोन बंद करा रे!" तो ओरडला. जवळ फोन असला की यंत्र गोंधळतं.

"बंदच आहेत, मामा! तुझं यंत्र आणि तुझे कान एकदमच म्हातारे झालेत!"

कुर्दीन हसला. याखेनने यंत्र परत पाठवण्यावर टाकलं. सगळे वर चढले.

उतरताना उतारावरचा बर्फ तुटला.

आधी दबका धक्का. मग पायाखालून सगळं सरकलं. मग...

काहीच आवाज नाही.

कुर्दीन दिसत नव्हता.

याखेनने यंत्र शोधावर टाकलं. गाडलेला माणूस पंधरा मिनिटं तग धरतो. पुढे सांगता येत नाही.

पडद्यावर दोन इशारे होते.

हरवला होता एकच.

एक इशारा एकतीस मीटरवर, खाली. दुसरा...

चार मीटर.

"लादिना! यंत्र शोधावर टाक!" त्याला वाटलं, हिचंच पाठवतंय. घाबरलेली माणसं ही चूक हमखास करतात.

तिने पडदा त्याच्यासमोर धरला. शोधावरच होतं. तिच्याही पडद्यावर दोन.

"मामा, जवळ कोण आहे?"

नियम असा, की जवळचा आधी काढायचा. गेल्या वर्षीही याखेनने नियमच पाळला होता. जवळ एक पाहुणा होता, तो वाचला. माद्लाइना लांब होती. तिच्यापर्यंत पोचायला अडतीस मिनिटं लागली.

बाण मागे दाखवत होता. याखेन मागे दहा पावलं चालला.

चार मीटर.

बाण पुन्हा मागे.

तो वळला, खाली धावला.

चार मीटर.

बर्फावर त्याच्या एकट्याच्याच खुणा होत्या...

"मामा... ही आई आहे का?"

"बोलू नकोस. खाली पळ!"

यंत्राला एक बटण असतं. माणूस सापडला की ते दाबायचं. मग त्याचा इशारा गप्प होतो आणि पुढचा नीट कळतो. सापडल्याशिवाय ते दाबत नाहीत.

याखेनने दाबलं.

"माफ कर, ताई," असं तेव्हा पुटपुटल्याचं त्याने मला नंतर मान खाली घालून सांगितलं.

चारचा आकडा गेला. मग वीस. नऊ. दीड. बर्फात खुपसलेली सळई मऊ कशाला तरी लागली. दोघांनी फावड्यांनी खणलं. बाराव्या मिनिटाला कुर्दीनचं तोंड मोकळं झालं. ओठ निळे, पण श्वास होता.

खणताना लादिना सारखी मागे बघत होती.

कुर्दीन आता बरा आहे. याखेनच्या यंत्रावर पुन्हा तसं काही दिसलं नाही.

पण लादिनाने ते बटण दाबलं नव्हतं.

गेल्या रविवारी ती पुन्हा एकटीच वर गेली होती. कुर्दीनलाही न सांगता. संध्याकाळी परत आली, तेव्हा तिचं ओलं जाकीट मी वाळत घालायला घेतलं. तिच्या छातीवर बीपर होता.

शोधावर.

शोधावरचं यंत्र काहीच पाठवत नाही. ती गाडली गेली असती, तर कुणाला कळलंही नसतं.

"दिवसभर असंच ठेवलं होतंस? डोकं फिरलंय का तुझं?"

ती बुटांचे बंद सोडत होती. वर न बघता म्हणाली,

"बाबा, आज तीन मीटरवर होती."

मी तिला खूप ओरडणार होतो. यंत्र काढून घेणार होतो. पण तोंडातून निघालं ते...

"त्याच्या आधीच्या रविवारी किती होतं?"

"साडेतीन."

आज शनिवार. ती खाली उद्यासाठी स्कीला मेण लावतेय. मी अजून काही बोललेलो नाही.