सील आधी, सही नंतर

लाखेची लाल कांडी.

वरचं बटण तुटलेला आकाशी शर्ट.

रामनगरची बस, अर्धी रिकामी.

सहीची वाट बघणारी एक चिठ्ठी.

जोयड्याच्या रस्त्यावरच्या नाक्यावर पोलिसांनी उळवीच्या जत्रेहून परतणारी जीप अडवली. टपावरच्या गाठोड्यांत गांजाचं पोतं निघालं. कुणाचं म्हणून विचारल्यावर सगळे प्रवासी एकदम झाडांकडे बघू लागले. उरला चालक, प्रज्योत. आणि समोरच्या थांब्यावर उभी होती रक्षा. रामनगरच्या बाजारात तिचं शिलाईचं दुकान. जमादारांनी तिलाच पंच म्हणून हाक मारली.

"अक्का, या चिठ्ठीवर सही कर. नमुन्याच्या पाकिटावर चिकटवायची हाय."

"पाकीट तर उघडं हाय. लाखेचं सील कुठाय?"

"सील ठाण्यात ऱ्हायलं. तिथं लावतो की."

"मग सही बी ऱ्हाऊ दे. सील आधी, सही नंतर."

जीपला टेकलेला प्रज्योत खुदकन हसला. धुळीनं पांढऱ्या झालेल्या पापण्या, आणि खाली हे असं हसू...

"हसतोस काय? जेलात चाललायस."

"व्हय. पण माझ्यासाठी कुणी भांडतंय, हे पहिल्यांदाच बघतोय."

"तुझ्यासाठी न्हाई, सहीसाठी. अन् ते बटण लावून घे. कोर्टात असा जाशील?"

"टेलरबाई कुठं भेटतील?"

"आधी जामीन मिळव... मग विचार."

दुसरा पंच मिळेना. शेवटी रक्षानं पंचनाम्यावर सही केली, पण वर स्वतःच्या हातानं लिहून — सील माझ्यासमोर लावलेलं नाही.

गांजाचं वजन कायद्यातल्या व्यापारी प्रमाणाच्या, म्हणजे वीस किलोच्या, आत भरलं, त्यात ती ओळ. कारवारच्या कोर्टानं जामीन दिला. अट घातली, साक्षीदारांशी संपर्क ठेवायचा नाही.

म्हणजे रक्षाशी.

आणि जीपस्टँड तिच्या दुकानासमोरच! तोच शर्ट, बटण तसंच तुटलेलं. सोडवून आणलेल्या जीपच्या आरशातून तो बघायचा, तिच्या मशीनचं चाक फिरता फिरता थांबायचं. एका दुपारी ती सरळ रस्ता ओलांडून गेली.

"अट तुझ्यावर हाय, माझ्यावर न्हाई. मी बोलणार."

त्यानं घाईनं काच वर केली.

"बरं, मान तरी हलव. जेवलास?"

मान हलली.

"माझी आठवण येती?"

मान हलली नाही. कान तेवढे लाल झाले.

दुसऱ्या दिवशी जमादार दुकानात.

"अक्का, पुन्हा त्याच्यापाशी दिसलीस तर जामीन रद्द करायचा अर्ज पडंल. त्यापेक्षा साक्षीत म्हण, सील समोरच लावलं. मग आमी काय बघितलं न्हाई."

"त्याच्याशी बोलायची न्हाई आता," रक्षानं कात्री टेबलावर आपटली. "अन् कोर्टात तुमच्या मनातलं बी बोलायची न्हाई."

तिनं दोन्ही पाळलं. म्हणूनच साक्षीच्या दिवशी सरकारी वकिलांनी तिला फितूर ठरवलं.

"आरोपीवर तुमचं प्रेम आहे, हे खरं?"

आरोपीच्या पिंजऱ्यातून प्रज्योत मान हलवत होता — नाही म्हण... नाही म्हण...

"हाय," रक्षा म्हणाली.

"म्हणूनच खोटं बोलताय!"

"साहेब, उघडं पाकीट मी आधी बघितलं. प्रेम नंतर झालं. पंचनाम्यावरची ओळ वाचा. पाकीट बघितलं तवा मला त्याचं नाव बी ठाऊक नव्हतं."

लेखनिकाचा टंकयंत्रावरचा हात क्षणभर थांबला, मग चालू झाला.

पाकिटात नेमकं काय आणि कधी गेलं, याची खात्री कोर्टाला पटली नाही. पोतं प्रज्योतचं होतं, हेही शाबित झालं नाही. तो सुटला. कोर्टाच्या पायऱ्यांवर रक्षानं पर्समधून सुई काढली, दोरा ओवला.

"हलू नकोस."

"आता बोलू?"

"अंगावर शिवताना बोलायचं न्हाई."

"मग कधी?"

"बटण लागल्यावर. मग जलमभर बोल."

जत्रेच्या त्या दिवशी, जमादारांनी पंच म्हणून हाक मारायच्या आधीच, रामनगरची बस थांब्यावर येऊन गेली होती. समोरच्या आकाशी शर्टाकडे बघत राहिलेली रक्षा चढली नव्हती.