लिफ्टच्या भिंतीतला ठेका

कॅप्टनने लिफ्टचं बटण पुन्हा दाबलं. दिवा लागला नाही, लिफ्टही आली नाही. नाटकातला तिचा मेंढपाळाचा डगला वरच्या मजल्यावर राहिला होता आणि चाकांची खुर्ची काही जिना चढत नाही.

कॅप्टन हे तिचं शाळेतलं नाव. बारा वर्षांची ही मुलगी खुर्चीत बसल्या बसल्या सगळ्या वर्गाला कामाला लावायची. तिच्या खुर्चीला धरून कानसेन उभी होती. कानसेनला डोळ्यांनी दिसत नसे, पण कोण येतंय हे ती नुसत्या चपलांच्या आवाजावरून सांगायची. आज नाताळच्या कार्यक्रमाचं निवेदन तिच्याकडे होतं, म्हणून ती सकाळपासून घसा जपत होती. तिसरा गरुड. त्याला ऐकू येत नव्हतं आणि त्याच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. तो हातांनी बोलायचा, तेही इतक्या वेगाने की कॅप्टन त्याला सारखं "हळू, हळू" असं खुणावायची. कानसेनशी बोलायचं असलं की तो तिच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढायचा.

डेकोरेशनवाले साहेब हॉलच्या दाराशी उभे होते. कॅप्टनने त्यांना लिफ्टचं विचारलं. ती आपण बंद केली आहे, असं त्यांनी सांगितलं. एवढी दिव्यांची रोषणाई करायची तर वीज कुठून तरी घ्यायलाच हवी होती. लिफ्टची लाइन तेवढी मोकळी सापडली.

"पण बंद करताना आत कुणी नाही ना, ते बघितलंत का?" कॅप्टनने विचारलं.

"सुट्टीच्या दिवशी कोण असणार आत? जा बाळ, जागेवर जाऊन बस."

खुर्चीतल्या माणसाला जागेवर जाऊन बसायला सांगणं कॅप्टनला भारी गमतीचं वाटलं. पण हसायला सवड नव्हती. हॉलमध्ये स्पीकर असे दणाणत होते की खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. पालक येऊन बसू लागले होते. मुख्याध्यापिकाबाई पाहुण्यांना आणायला फाटकाशी गेल्या होत्या.

तेवढ्यात गरुडाने कॅप्टनची बाही ओढली. तो लिफ्टशेजारच्या भिंतीला टेकून उभा होता आणि त्याचा चेहरा एकदम गंभीर झाला होता. त्याने कॅप्टनचा हात धरून भिंतीवर टेकवला. तिला फक्त गाण्याचा हादरा लागला. गरुडाने मान हलवली आणि हातांनी सांगितलं, गाण्याचा ठेका वेगळा आहे. त्याच्या खालून दुसरा ठेका येतोय. दोन लांब, तीन आखूड. मग थांबतो. मग पुन्हा.

हा ठेका तो झोपेतही ओळखला असता. त्याच्या, म्हणजे ऐकू न येणाऱ्या मुलांच्या वर्गाच्या नाचाचा ठेका होता तो. सरावाच्या वेळी बसचे ड्रायव्हरकाका मोठा ढोल वाजवायचे आणि मुलं त्यावर तळवे टेकवून ताल पकडायची.

"ड्रायव्हरकाका कुठे आहेत?" कॅप्टनने विचारलं.

कानसेनने आठवून पाहिलं. दुपारपासून तिने त्यांचा खोकला ऐकला नव्हता. काकांना दमा होता, त्यामुळे ते आसपास असले की कळायचंच. दरवर्षी सांताक्लॉज तेच व्हायचे, आणि धाकट्या मुलांनी ओळखू नये म्हणून कुठून तरी गुपचूप यायचे.

तिघं उतारावरून अंगणात गेली. बस जागेवरच उभी होती. गरुड आत चढला आणि काकांचा शर्ट घेऊन उतरला. खिशात त्यांचा मोबाइल होता आणि दम्याचा पंपही होता. म्हणजे काका कपडे बदलून, पाठीवर पोतं टाकून, कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून लिफ्टने वर निघाले होते. जाड लोकरी डगला, कापसाची दाढी, बंद लिफ्ट, आणि पंप इथे!

तिघं घाईघाईने परत आली. वर्गबाई पाहुण्यांच्या खुर्च्या लावत होत्या. ड्रायव्हर येतील वेळेवर, तुम्ही आधी तयार व्हा, असं म्हणून त्या पुढे निघूनही गेल्या. स्पीकरच्या दणदणाटात त्यांना अर्धं ऐकूच गेलं नव्हतं. कॅप्टन डेकोरेशनवाल्या साहेबांकडे गेली. गाणं जरा बंद करा, म्हणजे ठोके तुम्हालाही ऐकू येतील, असं तिने सांगितलं. साहेब हसले. या मुलाला ऐकू येत नाही आणि म्हणे यानेच आवाज ऐकला, असं काहीतरी ते शेजारच्या माणसाला म्हणाले. दिवे काही बंद होणार नाहीत, असंही त्यांनी बजावलं.

कॅप्टनने कानसेनला खाली वाकायला लावून तिच्या कानात काहीतरी सांगितलं. कानसेनच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

माइक तर तिच्याच ताब्यात होता. ती पायऱ्या चाचपत मंचावर चढली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "नमस्कार. कार्यक्रमाची सुरुवात एका खास गाण्याने होत आहे. हे गाणं आमचे ऐकू न येणारे मित्र हातांनी म्हणणार आहेत. त्यासाठी हॉलमध्ये पूर्ण शांतता हवी. साउंडवाले दादा, स्पीकर बंद करा. टाळ्यासुद्धा नकोत."

पालकांनी माना वळवून साउंडवाल्याकडे पाहिलं. एवढ्या लोकांसमोर नाही म्हणायची त्याची काय बिशाद! त्याने बटण फिरवलं.

हॉल चिडीचूप झाला. आणि भिंतीच्या आतून आवाज आला. धप्प, धप्प, धप-धप-धप.

"लिफ्टमध्ये ड्रायव्हरकाका अडकलेत," कानसेन मंचावरूनच मोठ्याने म्हणाली. "त्यांना दमा आहे."

मग सगळे एकदम उठले. गरुडाने डेकोरेशनवाल्या साहेबांचा हात धरला आणि त्यांना थेट जिन्याखालच्या वीजपेटीपाशी नेलं. तिथून निघालेली जाड वायर त्याने दुपारीच पाहिली होती. साहेबांनी आपली जोडणी काढली आणि लिफ्टचं बटण वर केलं. हॉलमधली अर्धी रोषणाई विझली. लिफ्ट कुरकुरत खाली आली.

दार उघडलं तेव्हा काका जमिनीवर बसले होते. दाढी गळ्यात आली होती, चेहरा घामाने भिजला होता, आणि हातात बूट होता. त्याच बुटाने ते भिंत बडवत होते. कॅप्टनने पंप पुढे केला. दोनदा औषध ओढल्यावर त्यांचा श्वास हळूहळू जाग्यावर आला.

"ओरडून ओरडून घसा बसला," ते म्हणाले. "घंटीही वाजेना. मग वाटलं, या गोंगाटात ऐकणाऱ्यांना ऐकू जाणार नाही. आपल्या नाचवाल्या पोरांनाच कळेल."

मुख्याध्यापिकाबाई गर्दीतून वाट काढत आल्या. त्यांनी आधी काकांना दवाखान्यात चला म्हटलं. पाहुण्यांपैकी एक डॉक्टर होते. त्यांनी काकांची छाती तपासली आणि थोडा वेळ मोकळ्या हवेत बसवलं तरी पुरेल, असं सांगितलं. मग बाईंनी डेकोरेशनवाल्या साहेबांना पुढे बोलावलं. साहेब खाली मान घालून गरुडासमोर उभे राहिले आणि कॅप्टनला म्हणाले, "त्याला सांग, माझं चुकलं."

"तुम्हीच सांगा," कॅप्टन म्हणाली. तिने त्यांना खूण शिकवली. त्यांनी ती उलटीच केली. गरुडाने त्यांचा हात धरून सरळ केला.

बाईंनी तिघांना जवळ घेतलं. "मोठ्या माणसांना सांगून झालं, कुणी ऐकलं नाही, तरी तुम्ही सोडलं नाहीत," त्या म्हणाल्या. "आज या शाळेची मान तुम्ही उंच केलीत." हेच त्यांनी गरुडासाठी हातांनीही सांगितलं. वर्गबाईंनी येऊन तिघांची माफी मागितली आणि कॅप्टनचा डगला स्वतः आणून दिला.

पालक परत जागेवर बसले आणि मंचाकडे बघत राहिले. ते हातांच्या गाण्याची वाट पाहत होते. असं गाणं कुणीच बसवलेलं नव्हतं! कानसेनने जीभ चावली. कॅप्टनने गरुडाकडे पाहिलं.

गरुड मंचावर गेला. मोकळी हवा घेऊन आलेले काका पहिल्या रांगेत पाहुण्यांच्या खुर्चीत बसले होते, मांडीवर पोतं होतं. गरुडाने आपल्या वर्गाला वर बोलावलं आणि सगळ्यांना कळेल असं सोपं काहीतरी हातांनी म्हणायला सुरुवात केली. तारा. रात्र. बाळ झोपलं. सगळे आले. आधी धाकटी मुलं त्याच्याबरोबर हात हलवू लागली, मग पालक, मग पाहुणे. काकांनी बूट घातला आणि फरशीवर हळूच ताल धरला. आवाज एवढाच होता. उरलेल्या दिव्यांच्या उजेडात अख्खा हॉल हातांनी गात होता. कानसेन मंचाखाली, कडेला उभी होती आणि कॅप्टन तिचे हात हातात घेऊन एकेक शब्द तिला दाखवत होती.